किल्लेदाराच्या सासरचा आहेर

संशय मी डोळ्याखाली लावायचो. करंगळीच्या टोकावर काजळ घ्यायचं, खालच्या पापणीपासून नाकाकडं ओढायचं अन् अंगठ्यानं पुसून टाकायचं. पुसलं तरी सावली राहते, तेवढीच पाहिजे. पहिल्या अंकाला काहीच न्हाई, माणूस बायकोवर खूश आहे. दुसऱ्या अंकाला एक बोट. तिसऱ्याला गालफडं आत गेलेली दाखवायची. शेवटच्या अंकाला तोंडावरची लाली सगळी काढायची अन् डोळ्यांच्या कडा तांबड्या करायच्या. एवढं केलं की गावातला कुणीबी धडधाकट गडी बायकोला मारायला निघाल्यासारखा दिसतो. मग त्याला काम येवो का न येवो.

मी नाटकाचा पडदेवाला. हिंगोलीला माझं दुकान होतं, म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. गावात नाटक बसलं की लोक माझ्याकडं यायचे. महालाचा पडदा, रस्त्याचा, जंगलाचा, अंगरखे, पगड्या, लाकडाच्या तलवारी, मिशा, दाढ्या, सगळं मी भाड्यानं द्यायचो अन् तोंडं रंगवायला स्वतः जायचो. बाईच्या कामाला गावातली बाई उभी राहत न्हाई, म्हणून नटी बाहेरून आणायची, नांदेडहून न्हाईतर अकोल्याहून. ती दोन-चार दिवस आधी येणार, तालमी करणार, काम करून जाणार. तिला नेसवणं, गंगावण लावणं, उसवलेलं शिवणं हे माझी बायको गया करायची. माझं शिक्षण चौथी. तिचं तेवढंबी न्हाई.

गया या उन्हाळ्यात गेली. तवापासून मला एका जागी बसवत न्हाई. पेट्या उघडतो, पगड्या उन्हात टाकतो, परत आत आणतो. त्या आता कुणी न्यायला येत न्हाई, तरी झटकतो. सून म्हणते, "मामंजी, बसा ना जरा." बसतो. ती स्वयंपाकघरात गेली की उठतो. दिवाळी अंकवाल्या सरांनी जुन्या आठवणी लिहा म्हणलं तवा वाटलं, लिहायला तरी बूड टेकावं लागंल. पण हेबी मी उभ्यानंच, खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून लिहून राहिलो.

या धंद्यात माणसं नमुनेदार भेटतात. एका गावात साधूचं काम करणारा गडी मिशी काढंना. आई आडवी आली. म्हणे बाप जिता असताना पोराची मिशी काढायची न्हाई. बाप तिथंच बाजेवर बसून बिडी ओढत होता. म्हणला, "काढ रं, मी मरत न्हाई लगेच." पण म्हातारीपुढं त्याचं चाललं न्हाई. मग मी मिशीवर साबण चोपडला, वाळवला अन् वरून अंगाचा रंग दिला. पहिला अंक बरा गेला. दुसऱ्यात घाम आला अन् साधू उपदेश करता करता मिशी बाहेर यायला लागली. लोकांना ते इतकं आवडलं की दुसऱ्या गावानं येऊन तसाच साधू मागितला.

पण सगळ्यात जास्त मागणी किल्लेदाराच्या नाटकाला. जुनं आहे, रडकं आहे, अन् आमच्या भागात लोकांना ते तोंडपाठ होतं. एक किल्लेदार. बायकोवर लई जीव. त्याची बायको रोज गुपचूप तळघरातल्या कैद्याला ताट पाठवते. धाकटा भाऊ हे बघतो अन् किल्लेदाराचे कान भरतो. किल्लेदार तिला एकदा विचारीत न्हाई. मनातच शिजवत बसतो, अन् शेवटच्या अंकात कट्यार घालतो. मग कळतं की कैदी तिचा सख्खा भाऊ होता. सांगितलं असतं तर भावाला फाशी झाली असती, म्हणून ती बोलली न्हाई. त्या धाकट्या भावाचं काम करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कळमनुरीच्या बाजारात भाजीवालीनं वांगी दिली न्हाईत. म्हणली, "तुज्या भावजयीला मारून आलास अन् भरीत खातोस व्हय?"

मला स्वतःला हे नाटक कधी पटलं न्हाई. एवढा किल्ला सांभाळणारा माणूस बायकोला एक सवाल करीत न्हाई, हे कसं? गयाला मी म्हणायचो तसं. ती म्हणायची, "तुमी रंग लावा."

आता सांगतो ती गोष्ट कळमनुरीकडल्या एका गावातली. किल्लेदार झाला होता बळीराम. उंच, रुंद, आवाज असा की माईक नसता तरी चाललं असतं. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, एक लेकरू. त्याची बायको कौसा. नटी म्हणून नांदेडच्या मंदाबाई आल्या होत्या. चांगल्या घरंदाज बाई, पोटासाठी काम करायच्या, तालीम संपली की कोपऱ्यात बसून स्वेटर विणायच्या.

बळीरामला पाठांतर जमत न्हाई, म्हणून तो दिवसभर संवाद म्हणत फिरायचा. औत हाकता हाकता बैलाला "प्राणसखे" म्हणायचा. गोठ्यात, विहिरीवर, जेवताना. कौसानं लग्न झाल्यापासून त्याच्या तोंडून "अगं" अन् "ऐकलं का" याच्यापुढं काही ऐकलं नव्हतं. अन् आता हा माणूस भिंतीकडं तोंड करून म्हणून राहिला, तुझ्यावाचून मला चंद्रसुद्धा काळा दिसतो. भिंतीला. ती एकदा त्याला म्हणली म्हणे, "ते जरा हिकडं तोंड करून म्हणा की." तर हा म्हणला, "तू समोर असली का विसरतंय."

नाटकाच्या दिवशी माझ्याकडचा शालू मंदाबाईंना नेसवायला काढला. जर काळी पडलेली, पण लांबून चालतंय. मंदाबाई म्हणल्या, चालंल. बळीरामला चालंना. "मामा, किल्लेदारीण अशी भिकारी दिसंल का?" अन् तसाच घरी गेला. कौसा तवा जागा धरायला पुढं जाऊन बसली होती. यानं तिची पेटी उघडली अन् तिच्या लग्नातला शालू घेऊन आला. हिरवा, मोठ्या काठाचा. गयानं हातात घेतला अन् विचारलं, "तिला विचारलं का?" तो म्हणला, "त्यात काय विचारायचं, मामी? माझ्याच घरातला हाय."

पडदा वर गेला अन् मंदाबाई आल्या. बाया बसतात त्या बाजूनं खसखस ऐकू आली. विंगेतून मला दिसत होतं. शेजारणी कौसाला कोपरानं ढोसत होत्या. "काय गं कौसे, शालू तर तुझाच वाटून राहिला. खुलून दिसतोय बाई." कौसा लेकराला थोपटत होती. लेकरू जागंच होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, बाहेरच्यांना ठाऊक नसंल. नाटकात काम करणाऱ्याला त्याचे पाहुणे स्टेजवर आहेर करतात. शेवटच्या अंकाच्या आधी पडदा पाडायचा, पुढं येऊन उभं राहायचं, अन् माईकवर पुकारायचं, अमक्याच्या मामाकडून टोपी-टावेल, तमक्याच्या सासऱ्याकडून कपडे. नाटक थांबतं, पण त्याशिवाय गाव नाटकाला नाटक म्हणत न्हाई. बळीरामचा सासरा आजारी होता. त्यानं भावाला पाठवलं, म्हणजे कौसाच्या चुलत्याला. हा चुलता कौसाला लग्नानंतर भेटलेला नव्हता. जावयाला कापड अन् लेकीला लुगडं, असा जोडीचा आहेर घेऊन चार माणसांसंगं जीपमधून आला. त्याच गडबडीत माईकवाल्यानं पुकारलं, "किल्लेदाराच्या सासरचा आहेर येऊन राहिला. जोडप्यानं पुढं यावं."

बळीराम पुढं आला. मंदाबाईंना वाटलं आपल्याला बोलवलं, त्याबी आल्या. सगळ्या गावात तसंच असतं, नायक-नायिका आहेराला संगं उभे राहतात.

चुलता वर चढला. त्यानं मंदाबाईंच्या तोंडाकडं पाहिलं न्हाई. पाहिलं असतं तरी मी त्या तोंडावर इतका रंग थापला होता की तिच्या आईनंबी ओळखली नसती. त्यानं शालू पाहिला. तो त्यानं स्वतः नांदेडच्या दुकानात बसून निवडलेला होता. त्यानं माईक हातात घेतला. म्हणला, "आमच्या पोरीनंबी नाटकात काम केलं. आमाला कुणी कळवलंबी न्हाई. पण पोरीनं नाव काढलं." असं म्हणून नवं लुगडं मंदाबाईंच्या पदरात घातलं, डोक्यावर हात ठेवला अन् डोळे पुसले. मंदाबाईंना काही समजलं न्हाई. बक्षीस देणाऱ्याच्या पाया पडायचं, एवढी सवय. त्या वाकून पाया पडल्या.

गाव हसलं. असं हसलं की माझा महालाचा पडदा हलला.

बळीराम मधी उभा. एक शब्द बोलायचा होता, काका, ही न्हाई. त्याला तीन अंक पाठ होते, तेवढा एक शब्द आला न्हाई.

हसणं चालू असतानाच कौसा उठली. लेकरू कडेवर, पदर खोचलेला. बायांमधून वाट काढत स्टेजच्या खाली येऊन उभी राहिली. तिला पाहिलं तसं हसणं पुढून मागं बंद होत गेलं. ती हळूच बोलली, पण माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

"काका, जीप कुठं लावली? मी तुमच्यासंगं येते."

चुलत्यानं खाली पाहिलं. मग बाजूला पाहिलं. "तू हितं? मंग ही कोण?"

या वेळी कुणी हसलं न्हाई. चुलता समजला अन् त्याचं तोंड उतरलं. चारचौघांत त्याचं हसं झालं होतं, अन् त्याच्या पोरीचं त्याच्याहून जास्त. म्हणला, "चल. आत्ताच चल. तुझा शालू दुसरीच्या अंगावर अन् हा गडी बघत उभा." जीप चावडीपाशी होती, तो तिकडं निघाला.

शहरातल्या वाचकाला वाटंल, त्यात काय, चार दिवस माहेरी जाईल अन् येईल. तसं नसतं. भरल्या गावातून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पोरगी माहेरच्या गाडीत बसून गेली की मग ती गोष्ट नवरा-बायकोची राहत न्हाई. दोन्हीकडचे जाणते बसणार, एकमेकांची उणीदुणी काढणार, कुणीच खाली येणार न्हाई. अशा गेलेल्या पोरी मी परत आलेल्या पाहिल्या न्हाईत. बळीरामला ते ठाऊक होतं. तो आत येऊन माझ्या पेटीवर बसला होता. घामानं काजळ गालावर उतरलं होतं. मी म्हणलं, "जा की, धर तिला." तो म्हणला, "मामा, अशा तोंडानं?"

बाहेर पोरं शिट्ट्या मारून राहिली होती, शेवटचा अंक करा म्हणून. मंदाबाई रडकुंडीला आल्या होत्या. "मी हे सोडते. मला तुमचा जुना द्या. त्या बाईचं तिला देऊन टाका." गयाच्या तोंडात केसांचे आकडे होते. ते तिनं काढून हातावर ठेवले, मंदाबाईंच्या पदरातलं ते नवं लुगडं उचललं अन् मागच्या बाजूनं बाहेर गेली. जीपपाशी पोहोचायच्या आत तिनं कौसाला दंडाला धरून आणलं. बायांचं नेसायचं ठिकाण म्हणजे तरटाचा आडोसा. दोघी त्याच्या आड गेल्या. मी बळीरामचं तोंड पुसत होतो. तरटापलीकडून गयाचा आवाज नुसता गुणगुणल्यासारखा येत होता.  कौसाचा एकदा हुंदका आला, एकदा, मला अजून खात्री न्हाई, हसल्यासारखं आलं.

मग कौसा बाहेर आली. बळीरामकडं पाहिलं न्हाई. लेकरू अन् नवं लुगडं घेऊन सरळ समोर गेली अन् बायांत न बसता एकदम पुढं, स्टेजला नाक लागंल अशी बसली. चुलता जीपमधून हॉर्न वाजवून राहिला. ती उठली न्हाई.

तो शेवटचा अंक लोक अजून सांगतात. बळीराम कट्यार घेऊन आला, अन् पहिल्याच वाक्याला त्याला पुढं बसलेली कौसा दिसली. सांगितलेलं काहीच त्यानं केलं न्हाई. "मला खरं सांग" असं एक वाक्य आहे, ते त्यानं मंदाबाईंना न म्हणता खाली कौसाकडं बघून म्हणलं. नाटकात तिथं थांबायचं न्हाई, लगेच वार करायचा. तो थांबला. मंदाबाई कसलेल्या, त्यांनी स्वतःच पुढं होऊन कट्यार अंगाला लावून घेतली अन् पडल्या. बाया पदर तोंडाला लावून रडल्या. लोक म्हणले काय काम केलं. मी विंगेत होतो, मला दिसत होतं. गडी भ्याला होता.

कौसा गेली न्हाई. मंदाबाईंनी शालूची घडी घालून तिच्या हातात दिली, दोघी जरा वेळ बोलल्याबी. चुलता सकाळी चहा पिऊन तिला न घेताच गेला.

गया काय बोलली, ते मी परतताना टेम्पोत विचारलं. "बायांचं असतंय," म्हणली. नंतर कधीमधी विचारलं, तर तेच. मी काही लई ताणलं न्हाई. धंदा जोरात होता, रोज नवं गाव. वाटलं कधी तरी सांगंल.

उन्हाळ्यात ती गेल्यावर मात्र हे माझ्या डोक्यात घुसलं ते निघंना. दुसरं काही आठवायला नसावं तसं. जेवायला बसलो की तरटापलीकडचा तो आवाज ऐकू यायचा, शब्द न्हाई. तिचं एवढं मोठं बोलणं या जगात एका बाईपाशी शिल्लक होतं, अन् त्या बाईचंबी वय झालं होतं. उद्या तीबी गेली तर? दसऱ्याच्या आधी मी पोराला न सांगता एसटीत बसलो. बळीराम-कौसा आता हट्ट्याला राहतात, त्यांच्या पोराचं तिथं खताचं दुकान आहे.

कौसानं ओळखलं. "मामा, वाळले किती." मामीचं तिला कळलं होतं. ती रडली, मग चहा ठेवला. मी बसलो न्हाई, दारातच उभा राहिलो. सरळ विचारलं, "त्या दिवशी गया तुला काय म्हणली?"

"कवाचं काढून राहिले तुमी."

"सांग."

तिनं कप माझ्या हातात दिला. "मामी म्हणली, जायाचं तर जा, मी अडवत न्हाई. मीबी निघाले होते."

"कुठं?"

"माहेरी. तुमच्या घरातून. लगीन झालं त्याच साली." ती माझ्याकडं न बघता सांगत होती. "म्हणली, माझा नवरा गावोगावच्या बायांची हनुवटी धरून तोंडं रंगवतो. एकदा दारातून पाह्यलं, तशी घरी आले. गठुडं बांधलं. मंग इचार केला, मी गेले का ह्याला रानच मोकळं. त्यापेक्षा संगंच जाते. दुसऱ्या दिवसापासून कामावर याय लागली. नजर ठेवायला."

"ती शिवायला यायची," मी म्हणलं.

"शिवणं नंतर शिकली, मामा."

ते खरं होतं. सुई कशी धरायची ते मीच तिला दाखवलं होतं. मला तवा वाटलं होतं, पोरीला हौस आहे.

"अन् मंग?"

"मंग काय. म्हणली, दोन-तीन नाटकांतच कळलं का ह्या माणसाला बाई दिसतच न्हाई, नुसता रंग दिसतो. म्हणली, त्यात मीबी आले. असं म्हणून हसली मामी. मलाबी हसू आलं त्यात." कौसानं बशी उचलून ठेवली. "पण म्हणली, तवर सवय लागली होती. घरी करमंना. तू जा पुढं, एकदम पुढं बस, त्यानं मान वर केली का तूच दिसली पाहिजे. बाकी त्याचं तो बघंल."

बळीराम बाहेरून आला. पाठ वाकलीय, कमी ऐकू येतं. "काय म्हणून राहिले मामा?"

"काय न्हाई," कौसा मोठ्यानं म्हणली. "तुमी त्या बाईला कसं मारलं, ते."

"म्या कुठं मारलं? तीच अंगावर आली."

परत येताना एसटीत जागा होती, तरी मी दांडी धरून उभाच होतो. आधी मला राग आला. एवढी सालं माझ्यावर पहारा, अन् मला पत्ता न्हाई. नाटकातल्या त्या येड्या किल्लेदाराला मी नावं ठेवायचो, विचारीत का न्हाई म्हणून, अन् माझ्या शेजारी माझीच बायको बसलेली, तिनंबी विचारलं न्हाई, अन् मी तर कधी काही विचारायचं असतं हेच ओळखलं न्हाई. मग औंढ्याच्या पुढं कुठं तरी ते मनात यायला लागलं. खेड्यात रंगपटात उजेड कमी असायचा. मी नटीला रंगवायला बसलो की गया वायरचा बल्ब हातात धरून बाजूला उभी राहायची. अन् मी दर वेळी तिच्यावर ओरडायचो, अगं, उजेड बाईच्या तोंडावर धर, माझ्या तोंडावर काय धरतेस. ती हात हलवायची. जरा वेळानं उजेड पुन्हा माझ्यावरच यायचा. मला वाटायचं, हात भरून येत असंल.